सूचना : हाँगकाँग सहलीतील मेई हो हाउस संग्रहालयाची भेट

सांगलीहून दिवाळीच्या सुट्टीत मुलांसह हाँगकाँगला येणाऱ्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सहलीच्या तिसऱ्या दिवसाची सकाळ मेई हो हाउस या इमारतीतील संग्रहालयासाठी राखून ठेवली आहे.

२५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई येथील झोपडवस्तीला लागलेल्या आगीत पन्नास हजारांहून अधिक माणसे बेघर झाली, आणि त्यांच्यासाठी सरकारने जी घरे बांधली, त्यांपैकी १९५४ सालची ही इमारत आज युवा वसतिगृह व संग्रहालय म्हणून जपलेली आहे. साधारण १२० चौरस फुटांची एक खोली पाच प्रौढांना मिळे, म्हणजे माणशी २४ चौरस फूट. दहा वर्षांखालील मूल मात्र अर्धेच मोजले जाई (हा हिशेब आपल्या मुलांना मुळीच पटणार नाही). नळ व शौचालये सामाईक असत, तर स्वयंपाक दाराबाहेरच्या व्हरांड्यात होई.

पालकांनी निघण्यापूर्वी घरातील फरशीवर खडूने बारा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखून त्यात पाच जणांच्या अंथरुणांची जागा मुलांनाच ठरवायला सांगावी. २०१९ च्या पुरात ज्या कुटुंबांनी शाळेच्या वर्गात दिवस काढले, त्यांनी ती आठवणही मुलांना अवश्य सांगावी.

शाम शुई पो मेट्रो स्थानकापासून पायी जावयाचे असून थोडा चढ आहे. जुन्या खोल्यांतील मांडलेल्या वस्तूंना मुलांनी हात लावू नये. वसतिगृहात प्रवासी राहत असल्याने जिन्यात धावाधाव टाळावी.