अधिक महिन्यात मी घरी येते आहे

नागपूर,
६ मे २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमची पस्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरमागे गेली. पत्र हातात आलं की तुम्ही आधी शिक्का बघता, मग पत्ता, मग चष्मा पुसून मजकूर वाचता, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवता. हे सगळं तसंच सावकाश वाचलं जावं म्हणून लिहायला बसले.

आधी बातमी. २४ मेला तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात आणि त्या दिवशी मी वर्ध्याला आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं येऊ, सोमवारी सकाळच्या गाडीने परत. यात कुठलंही ‘जमलं तर’ नाही.

१७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, लग्नाचे मुहूर्त नाहीत, म्हणून हे जमतंय. इथले मंडपवाले, केटरर, बँडवाले सगळे हळहळताहेत. ऐन मे महिन्यातला अर्धा हंगाम बुडाला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, पण तो चातुर्मासातच पडल्याने कुणाचं काही गेलं नव्हतं. यंदा जातंय, लग्नांत फुलांची सजावट करणाऱ्या माझंही जातंय. जानेवारीत डायरी भरायला घेतली तेव्हा मीही कपाळाला हात लावला होता. मग २४ तारखेचं पान कोरं दिसलं. आठ वर्षांत ते पहिल्यांदा कोरं होतं.

आई, तू दरवर्षी विचारतेस, ‘नेमकं आमच्याच लग्नाच्या वाढदिवसाला तुझं काम कसं निघतं गं?’ मी दरवेळी ‘योगायोग’ म्हणून टाळलं. तो योगायोग नसतो. तुमचंही लग्न चांगला मुहूर्त बघूनच लागलं होतं ना! मेच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत सगळा विदर्भ लग्नं उरकतो. घरच्यांना एकत्र यायला जे दिवस सोयीचे, तेच माझ्या कामाचे. मामाच्या सोनीचं लग्न, अक्षय्य तृतीयेची घागर, काकूंची साठी, एकालाही मी नव्हते. आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

ते लिहायचंच आहे. त्या दिवशी सकाळी नऊला बाबांना आत नेलं तेव्हा मी कोराडी रोडवरच्या एका लॉनमध्ये शिडीवर उभी होते. संध्याकाळी गोरज मुहूर्त होता. तिसऱ्या दिवशी आले तर बाबा हिरवी पट्टी बांधून पलंगावर बसलेले. म्हणाले, ‘फुलं काही वाट पाहत नाहीत, मी तर इथंच आहे.’ रागाने नाही म्हणाले, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या दिवशी काही बोलता आलं नाही मला. बाबा, मी चुकले. ते लग्न दुसऱ्या कुणाच्या हवाली करता आलं असतं. महाग पडलं असतं, पण करता आलं असतं. मी प्रयत्नच केला नाही.

फुलं वाट पाहत नाहीत हे मात्र अगदी खरं आहे, आणि माझं सगळं काम त्याच्याशीच आहे. तुम्ही शेजारच्या काकांना ‘मुलगी डेकोरेशनचं करते’ असं सांगता आणि विषय बदलता. तुम्हाला नीट सांगता येत नाही, कारण मी कधी नीट सांगितलंच नाही.

परवाचं, ३ तारखेचं लग्न घ्या. नवरीकडचे लोक फेब्रुवारीत भेटले. मोबाइलमध्ये परदेशातल्या कुठल्याशा लग्नातला हायड्रेंजियाचा निळा झुंबर दाखवला आणि म्हणाले, असाच हवा. हायड्रेंजिया म्हणजे पाण्यावर जगणारं फूल. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात असताना उघड्या लॉनवर ते दोन तासांत मान टाकतं. त्यांना नाही म्हणणं, तेही त्यांचं मन न मोडता, हे माझं पहिलं काम. आमच्या उन्हाला टिकणारी फुलं म्हणजे झेंडू, शेवंती, निशिगंध, ऑर्किड, ॲन्थुरियम. त्यातूनच तो थाट उभा करून दाखवायचा. त्यांना एक छोटा तुकडा बांधून दिला, तेव्हा कुठे पटलं.

मग मोजणी. किती फूट कमान, फुटाला किती फुलं, किती बंच, वाटेत खराब होणाऱ्यांचे किती जास्तीचे. गुलाबाच्या एका बंचमध्ये वीस काड्या, जरबेराच्या दहा. पुण्याकडचा माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो, बेंगळुरूचा विमानाने सोनेगावला उतरतो. झेंडू, शेवंती आणि निशिगंध मी पहाटे बर्डीच्या फूल मार्केटमधून स्वतः हात लावून घेते. झेंडू देठाशी दाबून बघायचा. घट्ट असला तर आजचा, मऊ लागला तर पाणी मारून ताजा केलेला.

खोकी आली की खरी घाई सुरू होते. गुलाबाची काडी तिरपी, दोन बोटं कापायची आणि लगेच पाण्यात टाकायची. कापलेलं तोंड उघडं राहिलं तर काडीत हवा शिरते, मग बादलीत उभं असूनही फुलाला पाणी चढत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर पाणी सडतं. बाहेरच्या एक-दोन जाड, डागाळलेल्या पाकळ्या सोलायच्या. त्या आतल्या फुलाला वाटेत सांभाळण्यासाठीच असतात. गुलाब दोन ते चार अंश थंडीत खूश. ऑर्किड त्याच खोलीत ठेवलं तर काळं पडतं, कारण ते गरम देशातलं. कार्नेशनजवळ पिकलेली केळी ठेवली तर त्या पिकण्याच्या वायूने कार्नेशन मिटून जातं. माझ्या कारागिरांना म्हणूनच गोदामात केळी खायला बंदी आहे. बाबा, तुम्ही केळी घेऊन आला होता आणि मी पिशवी बाहेर ठेवायला लावली, तुम्हाला वाईट वाटलं होतं. कारण हे होतं.

गोदामाला तुमच्या माजघरासारख्या वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत. मोठा कूलर आहे, आणि एकच छोटी थंड खोली. मोगरा मात्र मी मशीनवर सोडत नाही. आई, तू सांभार, म्हणजे कोथिंबीर, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवायचीस ना, तसाच ठेवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी तेच शिकवते, आणि ते कुणाकडून आलं तेही सांगते.

रात्री लॉन ताब्यात मिळतं ते बहुतेक वेळा आधीचं लग्न संपल्यावर, म्हणजे एक-दीडला. तिथून सकाळपर्यंत आम्ही दहा-बारा जण. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, जाळीत पाला, पाल्यात फुलं. कारागिरांतले दोघं बंगालचे आहेत. झेंडूची तोरणं त्यांच्यासारखी भरगच्च कुणी ओवत नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारी चारला वावधन, म्हणजे वादळ, आलं आणि सहाच्या लग्नाची कमान आडवी झाली. चाळीस मिनिटांत आम्ही पडलेल्यातली चांगली फुलं वेचून अर्ध्या उंचीची नवी कमान उभी केली. नवरीचे वडील कोपऱ्यात खुर्ची टाकून बघत होते. कमान उभी राहिल्यावर त्यांनी येऊन फक्त पाण्याची बाटली दिली. त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली, बाबा.

हिशेब तुम्हाला आवडतो म्हणून तोही सांगते. लाखाचं काम घेतलं तर चाळीस-पंचेचाळीस हजार फुलांना आणि वाहतुकीला जातात, पंचवीसेक हजार माणसांना, आठ-दहा हजार सांगाडे, कापड, टेम्पोला. गोदामाचं भाडं आणि वीज वेगळी. हातात पंधरा उरले तर चांगलं. दाट मुहूर्त असला की दीडशेचा गुलाबाचा बंच साडेतीनशेला जातो, आणि मी तर भाव तीन महिने आधी बांधून दिलेला असतो. एकदा एका यजमानांनी लग्नानंतर शेवटचे चाळीस हजार दिलेच नाहीत. तेव्हापासून निम्मे आधी आणि बाकीचे कमान उभी राहायच्या आत घेते. मी पैसे मागताना कडक बोलते असं आई म्हणाली होती. हो, बोलते.

आई, तुझा दुसरा प्रश्नही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ‘एका रात्रीसाठी एवढी फुलं? सकाळी तर कचरा.’ पहिल्या वर्षी मलाही पहाटे सगळं उतरवताना रडू आलं होतं. आता झेंडू-शेवंती वेगळी काढून खतासाठी देते. पण फुलांपेक्षा जास्त खटकायचा तो हिरवा स्पंज, ज्यात काड्या खोचतात. पाणी छान धरतो, पण तो प्लास्टिकचाच प्रकार. मातीत जिरत नाही, चुरा होऊन पाण्यात जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. मी दोन वर्षांपूर्वी सोडला. सोडल्यावर कळलं की स्पंजाशिवाय पाला टिकवायचा कसा हे तर आपल्या मांडवडहाळ्यांत आधीपासूनच आहे. आंबा, जांभूळ, उंबर यांच्या फांद्या फांद्यांतच अडकवायच्या, सुतळीने आवळायच्या. तुमच्या लग्नाचा मांडव आजोबांनी असाच घातला होता असं बाबा सांगतात. आजोबा आज असते तर त्यांना आठ दिवस गोदामात बसवून गाठी शिकून घेतल्या असत्या. तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर यात नाही, मला माहीत आहे.

३१ मेला एक काम आहे, तेवढं घेतलं. बौद्ध कुटुंबातलं लग्न, त्यांच्यात मुहूर्त बघत नाहीत. सगळं पांढरं हवंय: निशिगंध, पांढरी शेवंती, आणि बुद्धमूर्तीपुढे कमळं. कमळाची एकेक पाकळी हाताने आत दुमडायची असते. ते काम मी कुणाला देत नाही, एकटीच करते. म्हणून सोमवारी परत जावं लागेल, रागावू नका.

आणि पुढचं ठरवलं आहे ते लिहून देते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. निज ज्येष्ठात मुहूर्त सुरू झाले, आषाढीपर्यंत कामं लागली, तरी महिन्यातले दोन दिवस तुमचे. दवाखान्याची तारीख मिळाली की मला आधी सांगायची. माझ्याकडे आता दोन मुली तयार झाल्या आहेत, त्या माझ्याशिवाय लग्न उभं करू शकतात. ते मान्य करायला मलाच वेळ लागला.

जावई येतायत म्हणून तेहतीस अनारसे तळायला बसू नकोस, आई. या उन्हात चुलीपुढे अजिबात नाही. वाणाला बत्तासे चालतात. तळायचेच असतील तर मी आल्यावर रात्री, कूलर लावून, आणि पीठ मी मळणार.

एक काम मात्र तुझ्याकडे आहे. लग्नातल्या तुझ्या फोटोत अंबाड्यावर वेणी आहे. फोटो कृष्णधवल आहे, त्यामुळे बारीक फुलं कुठली ते कळत नाही. अबोली वाटते, पण मधे काहीतरी पांढरं आहे. कुंद की मोगरा? बाबांना विचारून झालं, ते म्हणाले ‘फुलंच होती’. तू आठवून मला बुधवारपर्यंत फोन कर. अबोली लागणार असेल तर मला आधी सांगून ठेवावी लागेल.

तुमची,
मनू