जुन्या घरांच्या खिडक्या कलावर्गात पोहोचाव्यात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील एका आंतरशालेय स्पर्धेत मी नुकतेच परीक्षक म्हणून काम पाहिले. विषय होता ‘टाकाऊतून टिकाऊ’, आणि मांडलेल्या बहुतेक कलाकृती मात्र दुकानातून विकत आणलेल्या थर्माकोलच्या, चमकीच्या कागदाच्या आणि आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांच्या होत्या. मुलांना दोष देता येत नाही, कारण शाळेने दिलेल्या यादीतच या वस्तू लिहिलेल्या होत्या.

एकच काम वेगळे होते. आजोळचे घर पाडताना बाहेर फेकलेली शिंपल्यांच्या खिडकीची झडप एका मुलीने उचलून आणली होती. लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या शिंपल्यांपैकी चार फुटले होते. त्या रिकाम्या घरांमागे तिने मासेमारीच्या फाटक्या जाळ्याचा हिरवा तुकडा ताणून बसवला होता आणि गंजलेली कडी होती तिथेच राहू दिली होती. झडप उजेडाकडे धरली की शिंपल्यांतून दुधी प्रकाश पाझरे आणि मधूनच जाळ्याची वीण दिसे. काच सहज मिळत नव्हती त्या काळात गोव्यातील घरांनी असाच उजेड आत घेतला, हे त्या कामाकडे पाहताना कोणी सांगावे लागत नव्हते.

पिकासोने १९१२ मध्ये चित्रावर ऑइलक्लॉथचा, म्हणजे मेणकापडाचा, तुकडा चिकटवून कडेने दोर गुंडाळला, नेकचंद यांनी चंदीगडमध्ये फुटक्या बांगड्या आणि फरशांतून रॉक गार्डन उभे केले. आणि आपल्याकडे तर चवथीला गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधणारा प्रत्येक जण रानात मिळेल त्या फळा-फुलांतूनच रचना करतो. नजर आपल्याकडे आहे. अडते ते साहित्य मिळण्यापाशी, आणि थोडे ते हाताळण्यापाशी. किनाऱ्यावरचे लाकूड गोड्या पाण्यात अनेक दिवस, पाणी बदलत, भिजवून पूर्ण वाळवले नाही, तर त्यातले मीठ पावसाळ्यात ओल धरते आणि डिंक सुटतो. जड लोखंड नुसते चिकटवून भागत नाही, ते मागून तारेने बांधावे लागते. मुलांना या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवल्या की त्या लगेच उमगतात.

म्हणून पंचायतींना आणि शिक्षण खात्याला माझी विनंती आहे की, सुका कचरा गोळा करण्याच्या शेडमध्ये एक कोपरा राखून ठेवावा, आणि पाडलेल्या घरांच्या झडपा, मंगलोरी कौले, बिजागऱ्या, टाकून दिलेली जाळी तिथे ठेवून परिसरातील कलाशिक्षकांना विनामूल्य न्यायला द्यावीत. खिळे काढणे व धारदार कडा घासणे हे काम मोठ्यांनी आधी करावे. पाऊस ओसरला की जुनी घरे पाडण्याच्या कामांना वेग येतो, तेव्हा ही सोय दिवाळीपूर्वी झाल्यास याच वर्षीच्या वर्गांना तिचा उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, फोंडा