उबवणीच्या अंड्यांचे वजन करायला शिकवणाऱ्या काकांस

जुळे सोलापूर, सोलापूर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मार्चअखेरीस घरच्या थर्माकोलच्या यंत्रात ठेवलेल्या २४ गावठी अंड्यांतून चारच पिल्ले निघाली, तेव्हा अंडी विकणाऱ्याला दोष देऊन मी मोकळी झाले होते. आपण मात्र उरलेली अंडी फोडून पाहायला लावलीत. कवचाला टवका पाडून आतच मेलेली पिल्ले आणि त्यांच्या पिसांना चिकटलेला, चामड्यासारखा वाळलेला पापुद्रा पाहून आपण एवढेच म्हणालात, "पोरी, हवा कोरडी पडली."

माझा आर्द्रतामापक तर ५० टक्के दाखवत होता. आपण तो ओलसर मिठाच्या वाटीसह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायला सांगितलेत. अशा डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून तेथे ७५ दिसायला हवे होते, दिसले ८७. म्हणजे माझे ५० प्रत्यक्षात ३८च्या आसपास होते, आणि बाहेर सोलापूरचा एप्रिल तापलेला!

दुसऱ्या खेपेस आपण स्वतःचा वजनकाटा आणून दिलात आणि दहा अंड्यांवर पेन्सिलीने खुणा करवल्यात. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ टक्के घटावे, म्हणजे दहांचे मिळून ४५० ग्रॅमचे ३९५च्या आसपास यावे, हा आपला हिशेब. सातव्या दिवशी २१ ग्रॅम घट अपेक्षित असताना २९ भरली. मी भांड्यात आणखी पाणी ओतू लागले, तर आपण हात धरलात: पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, हवेला लागणाऱ्या पृष्ठभागाचा पसारा वाढवावा लागतो. म्हणून जुन्या सोलापुरी टॉवेलची पट्टी पाण्यात उभी केली (ती रोज उकळून घेण्याचा मला कंटाळा येई, हे आता कबूल करते) आणि पुढे घट रुळावर आली.

शेवटचे तीन दिवस आर्द्रता ६५ ते ७० टक्के ठेवून झाकण मुळीच न उघडण्याची आपली अट मला सर्वांत जड गेली. पहिले पिल्लू एकटेच चिवचिवत होते. पण त्याला काढायला झाकण उचलले असते, तर टवका पाडून बसलेल्या बाकीच्यांचा पापुद्रा पुन्हा वाळला असता. सातव्या दिवशी टॉर्चखाली वांझ निघालेली अंडी वगळता उरलेल्या १६ पैकी १४ पिल्ले निघाली. याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

वजनकाटा अजून माझ्याकडेच आहे. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा टॉवेलची पट्टी लागणार नाही असा माझा अंदाज आहे. ती एक खेप तोलून झाली की काटा स्वतः घेऊन येते.

आपली नम्र,
शेजारच्या गल्लीतली कोंबडीवाली