श्रुती, आधी पाईपचं विचार

प्रिय श्रुती,

तुझा कवरत्तीच्या ओटेक प्रोजेक्टचा, म्हणजे समुद्राच्या वरच्या कोमट आणि खालच्या गार पाण्याच्या फरकावर वीज बनवायच्या कामाचा मेसेज आल्यापासून घरात तोच एक विषय चाललाय. आईला फक्त लक्षद्वीप ऐकू आलं, काकाला फक्त 65 किलोवॅट, आणि तो हसायलाच लागला, म्हणे आपल्या फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा प्लांट उभाय आणि पोरगी 65 किलोवॅटसाठी समुद्रात चालली. मी म्हटलं अरे त्या 1320 ला कोळसा लागतो, उजनीचं पाणी लागतं, कवरत्तीला कुठली रेल्वे आणि कुठली उजनी, तिथं वीज बनवायला डिझेल जातं ते पण केरळातून जहाजानं, समुद्र खवळला की बसा वाट बघत. तो गप्प बसला, पण पटलं असं काही वाटत नाही.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. इंग्रजी बरंचसं डोक्यावरून गेलं पण ड्रॉईंग बघितलं आणि म्हटलं हा तर आपला बर्फ कारखानाच आहे, उलटा चालवलेला. आम्ही वीज जाळून कॉम्प्रेसर फिरवतो आणि गारवा बनवतो, तिथं गारवा समुद्राच्या तळाशी तयारच पडलाय, वर 28 डिग्रीचं पाणी, खाली 1000 मीटरवर 7-8 डिग्री. अमोनिया वापरला तर तो उघड्यावर उणे 33 ला उकळतो त्यामुळं त्याला वरचं कोमट पाणी म्हणजे बॉयलरच झाला की, वाफ टर्बाईन फिरवते, मग खालचं पाणी तिला गार करून परत लिक्विड करतं आणि पंप तिला मागं ढकलतो. कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, पंप, सगळी आपली ओळखीची मंडळी.

आता तुला खरं सांगतो, तुझे सर एफिशियन्सी एफिशियन्सी करतात त्यात मला फार रस नाही. एवढ्याशा फरकावर उष्णतेतली थिअरीतच 7 टक्क्यांच्या आसपास वीज निघते आणि हातात 3 च्या आसपास, पण समुद्र काय बिल पाठवत नाही. मला धास्ती आहे ती खालचं गार पाणी वर आणणाऱ्या पंपाची आणि पाईपची. 1930 साली त्या फ्रेंच इंजिनियर जॉर्ज क्लोदनं क्युबात मातान्झासला असल्याच प्लांटमधून 22 किलोवॅट वीज काढली, पण पंपांनाच त्याहून जास्त लागत होती, आणि त्याआधी पाईप समुद्रानं घेतले ते वेगळंच. पॅसिफिकमधल्या नाऊरू बेटावर जपान्यांनी 1981 ला 120 किलोवॅट बनवली, त्यातली प्लांटच्या पंपांनी खाऊन 30 च्या आसपास उरली. आणि आपलं स्वतःचं बघ ना, तुतिकोरिनजवळ एनआयओटीचं, म्हणजे चेन्नईच्या सरकारी समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं सागर शक्ती, 1 मेगावॅटचा तरंगता प्लांट, सगळं तयार होतं आणि 1 किलोमीटरचा पाईप समुद्रात सोडतानाच गेला. म्हणजे टर्बाईनवाले इंजिनियर ढीगभर आहेत गं, तो लांबलचक प्लास्टिकचा पाईप लाटांत न मोडता खाली नेणारा माणूस पाहिजे.

म्हणून मला जपानचं कुमेजिमा सगळ्यात शहाणं वाटलं. 2013 ला तिथं 100 किलोवॅटचा प्लांट बसवला, पण खोल पाण्याचा पाईप त्यांच्याकडं आधीपासून होता, कोळंबी आणि ते समुद्री द्राक्ष म्हणतात तसलं शेवाळ वाढवायला. पाईपचा खर्च धंदा काढतो आणि वीज वरची कमाई. (पंढरपूरच्या द्राक्षवाल्यांना हे समुद्री द्राक्षाचं सांगितलं पाहिजे.) कुणी नुसती वीज विकून ओटेक परवडतं म्हटलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही, सोलर आता इतकं स्वस्त झालंय. पण लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर, त्यात नारळ, त्यात माणसं, पॅनल किती टाकणार, आणि पावसाळ्यात ढग. समुद्रातला फरक मात्र रात्री पण असतो.

आणि कवरत्तीला पाणी आहे ना हाताशी. 2005 पासून तिथं रोज 1 लाख लिटर गोडं पाणी बनतंय, व्हॅक्यूममध्ये समुद्राच्या वरच्या पाण्याची वाफ काढायची आणि खालच्या गार पाण्यानं ती थंड करायची, झालं पाणी. आपल्याकडं चार-पाच दिवसांनी नळ येतो तेव्हा आई बादल्या, टिपं, पातेली सगळं भरून ठेवते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मग तो समुद्र इकडं का नाही. पण त्या प्लांटचे पंप अजून डिझेलच्या विजेवर चालतात, तेच या 65 किलोवॅटवर चालवायचे आहेत असं तू लिहिलंयस, तर हा हिशोब मला पटला. पाण्यावर स्वयंपाक होतो, तहानही भागते, विजेचं काय, कमी आली तरी पाणी येतंय तोवर कुणी प्लांट बंद पाडणार नाही.

दोन गोष्टी विचार सरांना. पाण्याच्या प्लांटला 350-400 मीटर खोलीचं पाणी पुरतं, विजेला 1000 मीटरच्या आसपास जावं लागतं, मग तो नवा पाईप कोण टाकणार, कुठल्या महिन्यात, आणि तुटला तर पुन्हा टाकायचे पैसे ठेवलेत का. दुसरं म्हणजे ट्यूब साफ करायचं काय. आमच्या बोअरच्या पाण्यानं कंडेन्सरला क्षार धरतो तर प्रेशर लगेच वर चढतं, तिथं तर शेवाळ आणि चिकटा धरणार, आणि सगळा खेळच 20 डिग्रीचा, त्यातली दोन डिग्री चिकट्यानं खाल्ली तर पंपाला द्यायला काय उरणार. अमोनिया वापरणार असतील तर तिथल्याच दोन-चार पोरांना गळती शोधायला शिकवा, गंधकाची वात धरली की पांढरा धूर येतो, आम्ही अजून तसंच करतो, मीटर कधी बंद पडेल सांगता येत नाही. चेन्नईहून माणूस यायला जहाज मिळेपर्यंत थांबायचं म्हणजे अवघडच.

पगाराचं पत्र आलं की मला व्हॉट्सअपवर टाक, सही करायच्या आधी. आणि आईशी बोलताना सध्या जहाजाचं नाव काढू नको, कोचीपर्यंत रेल्वेनं जाणार एवढंच सांग, पुढचं मी बघतो.

तुझे पप्पा
सोलापूर