काकाजी, मागून वाचायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुम्ही तुमचं नाव टाकू दिलं नाहीत. "नोकरीभर सह्या करून कंटाळलो, आता कुठं नाव नको," म्हणालात. म्हणून इथे लिहिते, आणि इथेही नाव घेत नाही. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की तुम्ही भूजल खात्यातून निवृत्त झालात, विदर्भातल्या विहिरींत टेप सोडून पाणीपातळ्या मोजण्यात तुमचं आयुष्य गेलं आणि मी तुमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते.

माझा विषय ऐकून बहुतेकांच्या भुवया वर जायच्या. अमेरिकेच्या हवाई दलाच्या तळांवर दूषित झालेल्या जागांची सफाई, आणि त्या सफाईचे आढावे. नागपुरात बसून हे कशाला? तुम्ही मात्र तसं विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "तिथं पाणी किती खोल आहे?"

कशाला, ते इथे एकदा सांगून टाकते. आपल्याकडे दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले ते जुलै २०२५ मध्ये. त्यांच्याकडे १९८० पासून कायदा आहे. जिथे थोडंफार विष जमिनीत शिल्लक ठेवूनच सफाईचं काम चालतं, तिथे दर पाच वर्षांनी निदान एकदा आढावा घ्यावाच लागतो, आणि तो अहवाल कुणालाही वाचता येतो. उद्या आपल्याकडे असे आढावे निघतील तेव्हा ते वाचणारं कुणी तरी लागेल, एवढंच माझं गणित होतं.

तर ते शेकडो पानांचे अहवाल छापून मी तुमच्या पडवीत आणायची. कूलरच्या वाऱ्याने पानं उडायची म्हणून तुम्ही त्यावर अडकित्ता ठेवायचे. सुरुवातीला सारांश असतो, त्यात उपाय कितपत संरक्षण देतो याचा निकाल एका वाक्यात असतो. तुम्ही ते पान बघायचेच नाहीत. गठ्ठा उलटा करायचे आणि परिशिष्टातले विहीरवार तक्ते काढायचे. "निकाल सायबाचा, आकडा विहिरीचा. मागून वाचत जा पोरी." मग एक बोट मागच्या आढाव्याच्या यादीवर आणि एक नव्या यादीवर ठेवून विचारायचे, "ही विहीर तिथं आहे, इथं काऊन नाही?" कधी उत्तर साधं निघायचं, विहीर बुजवलेली असायची. कधी मात्र उत्तर सापडायचंच नाही, आणि तेवढ्या प्रश्नावर माझं एकेक पान लिहून व्हायचं. पुढचा प्रश्न मोजणीच्या महिन्याचा. मे मधला आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशेजारी ठेवून "घट झाली" म्हणणाऱ्यांवर तुम्ही आयुष्यभर चिडत आला आहात, तेव्हा अमेरिकेचा हवाई दल तुमच्या तावडीतून कसा सुटणार!

मॅक्लेलनचा अहवाल आपण सगळ्यात जास्त वेळ घेऊन वाचला. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळचा हा तळ म्हणजे विमानदुरुस्तीचं मोठं ठाणं. तिथे १९७९ मध्ये भूजलात ट्रायक्लोरोएथिलीन सापडलं. सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला वापरायचे ते द्रावक. १९८७ मध्ये जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीत, म्हणजे आधी साफ करायच्या दूषित जागांच्या सरकारी यादीत गेली, २००१ मध्ये तळ बंद झाला, आणि सफाई पुढे चालूच राहिली. हे द्रावक पाण्यापेक्षा जड. तेल वर तरंगतं, हे खाली बसत जातं आणि चिकणमातीच्या थरांत शिरतं. पंपाने पाणी उपसायचं, त्यात हवा खेळवून किंवा ते सक्रिय कोळशातून गाळून स्वच्छ करायचं, ही नेहमीची पद्धत. असं उपसताना पाण्यातल्या द्रावकाचा आलेख सहसा आधी झपाट्याने उतरतो आणि मग आडवा पडून राहतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, आणि आलेख तिच्या थोडा वरच रेंगाळतो.

तो का रेंगाळतो हे समजावणारी समीकरणं माझ्याकडे होती. तुम्ही म्हणालात, माठात चुकून रॉकेल पडलं तर काय होतं? विसळला की वास गेल्यासारखा वाटतो. रात्रभर पाणी भरून ठेव, सकाळी परत वास. मातीने पिऊन ठेवलेलं असतं, ते ती हळूहळू सोडते. मग लगेच पुढचा प्रश्न: "यांनी पंप बंद करून पाहिलं का? किती महिने? बंद ठेवल्यावर आकडा वर आला का?" पंप चालू असतानाचा आकडा जमिनीबद्दल अर्धंच सांगतो, हे माझ्या तिसऱ्या प्रकरणातलं मुख्य विधान. ते पडवीतून वर आलं आहे, हे आता जाहीर.

आढाव्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. ठरवलेला उपाय ठरल्याप्रमाणे चालतो आहे का? तो ठरवताना धरलेल्या गोष्टी, म्हणजे मर्यादा, विषारीपणाची माहिती, माणसांशी संपर्काचे मार्ग, अजून लागू आहेत का? आणि या दोन्हींच्या बाहेरचं, संरक्षणावर शंका यावी असं काही नवीन कळलं आहे का? पहिल्या प्रश्नावर अहवाल पानंच्या पानं लिहितात. तिसरा बहुधा चार ओळींत उरकतात, आणि तुम्ही तिथेच पेन्सिलने गोल करायचे.

पीझ तळाची हकिकत वाचली तेव्हा तुमच्या त्या गोलाची किंमत कळली. न्यू हॅम्पशायरमधला हा तळ १९९० मध्ये त्याच प्राधान्य यादीत आला, १९९१ मध्ये बंद झाला. पुढे तिथे कचेऱ्या आल्या, पाळणाघरं आली. जुन्या द्रावकांची सफाई चालू होतीच. मे २०१४ मध्ये तिथली एक पाणीपुरवठ्याची विहीर बंद करावी लागली, ती वेगळ्याच कारणाने. आग विझवण्याच्या फेसातलं पीएफओएस नावाचं रसायन त्या पाण्यात लिटरमागे सुमारे २,५०० नॅनोग्रॅम निघालं. तेव्हाची सल्ल्याची मर्यादा २०० होती. तो फेस तळावर १९७० च्या दशकापासून वापरात होता, पण त्याचा शोध कुणी घेत नव्हतं. मुलांच्या आईबापांनी रक्ततपासणीची मागणी लावून धरली, आणि २०१५ मध्ये राज्याने तपासण्या सुरू केल्या. हे वाचून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "मोजायच्या यादीत नाव नसलं की पाणी कागदावर चांगलंच असते."

दुसऱ्या प्रश्नाचंही तसंच. त्याच पीएफओएसची सल्ल्याची मर्यादा २०१६ मध्ये ७० नॅनोग्रॅम झाली आणि २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बंधनकारक मर्यादा आली ती ४. विहीर तीच, पाणी तेच, आणि उत्तीर्णाचा नापास. म्हणून दर आढाव्यात "कुठल्या वर्षीच्या मर्यादेने?" हे समासात लिहायची सवय तुम्ही लावलीत.

त्यांची पद्धत आदर्श आहे असं मी प्रबंधात लिहिलेलं नाही. अशा तळांवर आढावा हवाई दलच घेतं, तिथली सरकारी पर्यावरण संस्था तो तपासते. "आपलाच पेपर, आपलेच मार्क, वरून मॉडरेटर," हे तुमचं वर्णन मार्गदर्शकांनी काढायला लावलं, नाही तर ठेवणार होते. पण ती संस्था हवाई दलाच्या निकालाशी असहमत होऊ शकते, वेगळा निकाल देऊ शकते, आणि ते लेखी राहतं. शेजारच्या लोकांच्या मुलाखतीही अहवालात असतात. बऱ्याच तळांवर रहिवासी आणि अधिकारी एका मंडळात बसतात आणि कुणी तरी निवृत्त गृहस्थ उठून अमुक नंबरच्या विहिरीबद्दल विचारतात. ही इतिवृत्तं तुम्हाला फार आवडायची. "आम्ही पातळी मोजून जीपमध्ये बसलो की निघालो. गावाला आकडा सांगायची रीतच नव्हती," हे तुम्ही चहाचा कप खाली ठेवत म्हणाला होतात.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. विषय सांगितला की नागपुरातलं कुणीही पहिल्यांदा विचारणार, "मग आपल्या सोनेगावचं काय? वायुसेनानगरचं काय?" उत्तराला मसाला लावण्याचा मोह होतोच, त्यात पेपरवाले ओळखीचे. तुम्ही मला बसवून सांगितलंत, "मोजल्याशिवाय कोणत्या जागेचं नाव घ्यायचं नाही. अन् मोजलं की लपवायचं नाही." कॅलिफोर्नियाची वाळू-चिकणमाती आणि आपल्या पश्चिम नागपूरचा काळा पाषाण यांत पाणी एकसारखं वाहत नाही, फटी कुठे आहेत त्यावर सगळं अवलंबून, हेही त्याच बैठकीत. प्रबंधातून मी आपल्या शहराचं नाव वगळलं ते त्यामुळे.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, एवढे अहवाल वाचलेस, नवा हातात आला तर आधी काय बघशील? मी म्हटलं, गाळलेल्या विहिरी. ते हसले आणि पुढचं सगळं त्यावरच विचारत राहिले.

आता एक काम आहे. आपल्या २०२५ च्या नियमांची प्रत काढून ठेवली आहे. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने कळवायची, मग प्राथमिक तपासणी, मग सविस्तर, असा क्रम आहे. निरीक्षण विहिरींबद्दल तुमचं मत हवं आहे. रविवारी तर्री-पोहे मी आणते, काकूंना सांगा नाश्ता करू नका म्हणून. पेन्सिलीला टोक करून ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची भाडेकरू