मनोविकाराच्या औषधांबरोबर हृदयाचीही तपासणी बंधनकारक करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ 11 वर्षांपासून स्किझोफ्रेनियावर औषधे घेतो. कानात सतत घुमणाऱ्या आवाजांतून याच औषधांनी त्याला बाहेर काढले, त्यामुळे माझी तक्रार औषधांविषयी नाही. दोन वर्षांपूर्वी तो उभ्याउभ्या कोसळला. त्याआधी त्याला दोनदा भोवळ आल्याचे आम्ही सांगितले होते, पण दोन्ही वेळा अशक्तपणा म्हणून विषय संपवण्यात आला. त्या दिवशी काढलेल्या ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होईपर्यंतचा वेळ, 510 मिलिसेकंद निघाले. इतक्या वर्षांतला तो त्याचा पहिलाच ईसीजी होता.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते आणि त्या पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोन यांसारखी स्किझोफ्रेनियावरची औषधे पोटॅशियमची ही वाट कमीअधिक प्रमाणात अडवतात, त्यामुळे क्यूटी अंतर वाढते, आणि ते 500 च्या पुढे गेले की ठोक्यांची लय बिघडून अचानक मृत्यू येण्याची भीती बळावते. उलट्याजुलाबांनी शरीरातले पोटॅशियम घटले किंवा जोडीला काही विशिष्ट प्रतिजैविके दिली गेली, तर हा धोका आणखी वाढतो. असा प्रसंग विरळा असतो हे मान्य आहे, तरीही 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मरण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले, आणि जुन्या औषधांइतकीच नवी औषधेही त्यात होती.

स्किझोफ्रेनियावरच्याच क्लोझापाइन या औषधाचा अनुभव मला विशेष बोलका वाटतो. या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून अनेक देशांनी नियमित रक्ततपासणीची सक्ती केली, आणि सक्ती होती म्हणूनच ती तपासणी होत राहिली. त्याच औषधाने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, तीही बहुधा पहिल्या महिन्यातच. ताप, धाप, छातीत दुखणे आणि वाढलेली नाडी ही तिची लक्षणे साध्या सर्दीतापासारखी वाटून निसटतात. सुरुवातीचे चार आठवडे दर आठवड्याला रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारे प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारे प्रथिन) तपासले तर ती वेळीच ओळखता येते. रक्तासाठी जे जमले, ते हृदयासाठी का जमू नये?

ओलान्झापाइन आणि क्लोझापाइनने वाढणारे वजन व साखर हे संथ गतीने हृदयाचेच नुकसान करतात, म्हणून वजन, साखर आणि रक्तातील चरबीचे मोजमापही याच नियमात यावे.

माझी मागणी अशी आहे की, औषध सुरू करण्यापूर्वी आणि मात्रा वाढवल्यानंतर ईसीजी काढणे आपल्या अखत्यारीतील प्रत्येक मानसिक आरोग्य केंद्रात बंधनकारक करावे, तो विनामूल्य असावा, आणि औषधाच्या चिठ्ठीवरच त्याची तारीख व क्यूटीचा आकडा लिहिण्यासाठी रकाना ठेवावा. भोवळ आली किंवा छाती धडधडू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, मात्र औषध परस्पर बंद करू नये, हे घरच्यांना लेखी द्यावे. कारण औषध अचानक थांबले तर आजार पुन्हा उसळतो, हे आम्ही एकदा भोगले आहे. मनोविकारतज्ज्ञ हृदयाकडे पाहत नाहीत आणि हृदयरोगतज्ज्ञ या औषधांना हात लावायला कचरतात, या दोघांच्या मधली जबाबदारी कोणाची, हे आपल्या विभागाने लेखी ठरवून द्यावे.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची बहीण