वर्षाची नोटीस माझी, पगाराची तारीख कुणाची? : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,

स. न. वि. वि.

काल रात्री पावणेबाराला, सकाळच्या उड्डाणासाठी झोपायच्या बेतात असताना, आमच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा संदेश आला, की थकीत पगाराची तारीख ‘अपरिहार्य कारणास्तव’ पुढे ढकलण्यात येत आहे. ही तिसरी तारीख होती. पहिली व्यवस्थापनाने वैमानिकांच्या बैठकीत तोंडी दिली, दुसरी ईमेलवर लेखी दिली, आणि तिसरी देताना तर ‘यावेळी शब्द पाळला जाईल’ असे मुद्दाम लिहिले होते.

मी कॅप्टन आहे आणि चार महिन्यांपूर्वी राजीनामा दिला आहे. तरीही मी जाऊ शकत नाही, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस देणे बंधनकारक आहे. कॅप्टन अचानक निघून गेला तर विमान जमिनीवर उभे राहते आणि प्रवाशांचे हाल होतात, हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. मात्र वर्षभर मला बांधून ठेवण्याइतके जनहित ज्या नोकरीत आहे, त्या नोकरीचा पगार थकला की तो ‘कंपनी आणि कर्मचारी यांच्यातील खासगी विषय’ कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगितलेले नाही. तक्रार घेऊन गेलो तेव्हा नेमके हेच उत्तर मिळाले.

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, आणि नोकरी सोडणाऱ्याचे देणे दोन कामकाजाच्या दिवसांत, असे ती सांगते. माझ्यासाठी बारा महिने आणि कंपनीसाठी दोन दिवस! यातले बारा महिने मात्र तंतोतंत पाळले जात आहेत.

उड्डाणापूर्वी माझा श्वास तपासला जातो, आणि ते योग्यच आहे. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा आम्हाला वापरता येत नाही. आपल्या खात्याची नजर माझ्या गुळण्यांपर्यंत पोहोचते, पण माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम पासबुकात का दिसत नाही, इथपर्यंत ती पोहोचत नाही. वैमानिकांना लाखांनी पगार मिळतो, त्यांनी रडू नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रशिक्षणाचे कर्जही लाखांनीच असते, आणि बँकेने हप्त्याची तारीख आजवर एकदाही ‘अपरिहार्य कारणास्तव’ पुढे ढकललेली नाही. गेल्या तीन महिन्यांत मी घरच्यांशी पैशांखेरीज दुसरे काही बोललो असेन, असे मला आठवत नाही. कॉकपिटमध्ये शिरताना हे सगळे दाराबाहेर ठेवायचे असते. मी ठेवतो, रोज किती जमते, हे प्रवाशांना न सांगितलेलेच बरे.

हे माझ्यापुरतेच असते, तर कामगार आयुक्तांच्या दारात उभा राहिलो असतो. किंगफिशर ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली, तीही कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकवून. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला तो 7 नोव्हेंबर 2024 ला. साडेपाच वर्षे ‘लवकरच तोडगा निघेल’ ऐकणाऱ्या माणसांचा व्यवस्थापनाच्या शब्दावर विश्वास का उरत नाही, हे वेगळे सांगायला हवे का? एप्रिल 2024 मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या नव्या करारात, महिन्याला ज्यांच्या पगाराची हमी असते ते उड्डाणाचे तास 70 वरून 40 वर आले, तेव्हा वैमानिक एकाएकी आजारी पडू लागले आणि उड्डाणे कमी करावी लागली. त्यावेळी सगळ्यांना आमची शिस्त आठवली, करार बदलणाऱ्यांची कुणालाही आठवली नाही.

आणि डिसेंबर 2025? विश्रांतीचे सुधारित नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तरी इंडिगोची तयारी नव्हती, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि काही दिवसांतच कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत रात्रपाळीच्या नियमांतून सवलत मिळाली. कंपनी चुकली की सवलत आणि वैमानिक चुकला की निलंबन, या न्यायाला आपण नियमन म्हणता. माझ्या मते ही निव्वळ मालकांची सोय आहे, आणि ती आजच्या सरकारात सुरू झाली असेही नाही.

माझी मागणी एकच आहे. ज्या कंपनीने सलग दोन महिने पगार थकवला, तिच्या वैमानिकांना नोटिशीचे बंधन नसावे आणि दुसऱ्या कंपनीत जाण्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र कंपनीऐवजी महासंचालनालयाने द्यावे. यासाठी नवा कायदा नको, स्वतःच्याच नियमात चार ओळी घालायच्या आहेत.

उत्तराची वाट पाहतो. वाट पाहण्याची सवय झाली आहे.

आपला,
एक कॅप्टन
(नाव देत नाही. नोटिशीचे आठ महिने अजून बाकी आहेत.)